बाराचा भोंगा

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं म्हणतात. हल्लीचे रिकामे लोक त्यासाठी आधी टी-शर्ट छापून घेतात, मग गाडी करून दुसऱ्याच्या गावाला येतात आणि तिथल्या भिंती शोधतात. तसे तिघं जण एका शनिवारी माझ्या दुकानापुढे उतरले. तिघांच्या छातीवर भोंग्याचं चित्र. बाहीची शिवण पार काखेत ओढलेली, हे मला आधी दिसलं, कारण धंदाच तो. लोकांचे कपडे मी सैल करते, आवळते, उंचीला कमी करते, चेन बदलून देते.

"काकू, समोरच्या टॉवरवरचा सायरन तुमच्याकडे असतो ना?" त्यांच्यातला दाढीवाला म्हणाला.

"माझ्याकडे कशाला असेल? वरच आहे की. डोळे आहेत ना?"

"म्हणजे किल्ली, किल्ली. पालिकेत म्हणाले, किल्ली तुमच्या घरी असते."

"तुम्हाला काय करायचंय?"

"बघायचाय."

"आणि?"

"फक्त बघायचाय. आम्ही सायरनप्रेमी आहोत."

आता प्रेम कशावर करावं याला काही धरबंध आहे की नाही? भोंगा तो. लोकांना घाबरवणं हे त्याचं काम. साप आवडतात म्हणणारी माणसं मी बघितली आहेत, पण साप निदान हलतो तरी. हा वीसेक वर्षं रंग न लागलेला लोखंडी गोळा, वर पत्र्याची टोपी, टोपीत कावळ्यांची घाण. आणि हे तिघं रस्त्यात उभे राहून माना वर करून असे बघत होते की एका सायकलवाल्याला त्यांना वळसा घालून जावं लागलं.

समोर जुना बंबखाना आहे. बंब केव्हाच हमरस्त्यावरच्या नव्या इमारतीत गेले. खाली आता पालिकेच्या मोडक्या खुर्च्या आणि फुटके पाइप. मनोरा तेवढा राहिला आणि त्याच्यावर भोंगा. आग लागली, नदीचं पाणी चढलं की तो वाजायचा. आणि रोज दुपारी बाराला एकदा, चालतोय की नाही हे बघायला. तो वाजवायचं काम माझ्या नवऱ्याचं. उमेदीची सगळी वर्षं भोंग्याच्या खटक्यापाशी गेली. गावात यांना सगळे भोंगेकाका म्हणतात, आणि मला वाटतं खरं नाव आता बँकेलाच माहीत असेल.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढे घोळ नको. तो भोंगा वाजत नाही. कित्येक वर्षांत वाजलेला नाही. नव्या वस्तीतल्या लोकांनी तक्रारी केल्या, आमची बाळं दचकतात, आता सूचना फोनवर येतात, हा बोंबलायला कशाला हवा. पालिकेने तार कापली आणि मोकळी झाली. यांना सांगायचं काम कारकुनाकडे दिलं. कारकून आला, माझा चहा प्यायला, बिस्किटं खाल्ली आणि उठताना म्हणाला, "काकू, तुम्हीच सांगा ना. तुमचं ऐकतात." गेला. पाठीचा कणा नसलेली माणसं खुर्चीत इतकी ताठ कशी बसतात, मला कळत नाही.

तोवर हे ठार बहिरे झाले होते. भोंग्याखाली जन्म काढल्यावर दुसरं काय होणार? आधी आधी म्हणायचे, "मला ऐकू येतं, लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात." मग तेही म्हणायचे बंद झाले. जावयाने कानाचं मशीन आणून दिलं, ते कपाटात पडून आहे. डॉक्टर म्हणाले, आता त्याचाही उपयोग नाही. हे ओठ बघून समजून घेतात. माझे ओठ तर पाठ आहेत. भोंगा वाजला हे यांना कळायचं ते टेबलावरून. खटक्याशेजारच्या लाकडी टेबलावर पाण्याचा ग्लास असायचा, भोंगा फिरायला लागला की टेबल थरथरायचं आणि ग्लासातलं पाणी नाचायचं. तरी घरी आले की पायातलं काढता काढता मला विचारायचे, "वाजला का?" मी म्हणायचे, "वाजला." मग जेवायला बसायचे. आमच्या संसारात यापेक्षा जास्त बोलणं क्वचितच झालं असेल, आणि मला ते पुरत होतं.

तार कापली त्या दिवशी हे उतरलेल्या तोंडाने आले. "टेबल हललं नाही गं. वाजला का?"

सांगायचं होतं मला. खरंच सांगायचं होतं. पण माणूस समोर उभा, सकाळी त्या एका खटक्यासाठी दाढी केलेली, शर्टाची वरची गुंडी लावलेली. जीभ उचलली नि टाळ्याला लावली. "वाजला," मी म्हणाले.

"मग हललं का नाही?"

मी मशीनवर बसले होते. माझ्या शिलाई मशीनच्या पायांखाली रबराचे चार जाड तुकडे आहेत, फरशी हादरू नये म्हणून. नजर तिकडे गेली. "खाली रबर बसवलंय," मी म्हणाले. "पालिकेने."

"मला न विचारता?"

"त्यांना कुठे अक्कल आहे?"

दोन दिवस हे पालिकेवर चिडलेले होते. तिसऱ्या दिवशी सलूनमध्ये जाऊन स्वतःच सांगून आले, की भोंग्याखाली आता रबर आहे, मोठ्या शहरांतही नसेल. त्या दिवसापासून सगळं गाव त्यात सामील झालं. या गावाला धड रांग लावता येत नाही, पण खोटं बोलायला सगळे एका रांगेत उभे राहिले. हे बाराला मनोऱ्यावरून खाली उतरले की सलूनवाला मनगट वर करून घड्याळ लावल्यासारखं करतो आणि ओठ मोठे करून म्हणतो, "बारा वाजले, काका!" औषधवाला अंगठा दाखवतो. आधी लोक मनोऱ्याखालून जाताना कानावर हात ठेवायचे. ते बंद झालं, हेही यांच्या लक्षात आलं होतं. म्हणाले, "लोकांना सवय झाली." स्वतःच्या सोयीचं कारण शोधण्यात पुरुषांचा हात कुणी धरणार नाही.

कुणी म्हणेल, हे बरं नव्हे. म्हणोत बापडे. यांना कळू नये, एवढंच मला हवं होतं. बाकी मी जन्मात फार काही मागितलेलं नाही.

तर ते तिघं. दाढीवाला म्होरक्या. दुसऱ्याच्या हातात सदानकदा मोजायची फीत, त्याला मी फीतवाला म्हणेन. तिसरी एक मुलगी, काठीला मांजर बांधल्यासारखा केसाळ माइक घेऊन. मी किल्ली हरवली म्हणून सांगणारच होते, तेवढ्यात हे आतून आले. यांनी टी-शर्टवरचं चित्र बघितलं आणि यांचा चेहरा असा उजळला, की मला लेकीच्या लग्नातही तसा बघितल्याचं आठवत नाही.

"भोंगा बघायला आलात?" हे म्हणाले. किल्ली यांच्या खिशातच होती.

माझे गुडघे मला जिना चढू देत नाहीत, पण मी दुकान तसंच टाकून त्यांच्यामागून चढले. करणार काय? वर तीन उपटसुंभ, आणि त्यांच्यात तारेचं ज्ञान असलेले निदान दोन.

वर पोचल्यावर त्यांना जे भरतं आलं ते काही विचारू नका. "काय मस्त गंज आहे!" फीतवाला म्हणाला. गंज! माझ्या कात्रीला असा गंज चढला असता तर गिऱ्हाइकांनी तोंडावर थुंकलं असतं. मग त्याने फटी मोजल्या, टोपीचा घेर मोजला, खांबाची जाडी मोजली, आणि दर मापागणिक "बापरे" म्हणाला. मुलगी डोळे मिटून माइक धरून उभी होती. मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, "इथली शांतता रेकॉर्ड करतेय." म्हटलं, कर बाई. खाली गेल्यावर माझ्या स्वयंपाकघरातली पण ने थोडी.

आमचे साहेब तर रंगातच आले होते. भोंगा एकट्याने कसा सांभाळला, पूर आला तेव्हा कसा सलग वाजवला, सगळं छाती काढून सांगत होते. त्यातलं निम्मं खरं होतं. पुराच्या वेळी हे झोपले होते आणि भोंगा मी वाजवला होता, पण ते जाऊ द्या.

"अरे, वायर कापलीय!" दाढीवाला एकदम ओरडला.

मी आधी यांच्याकडे बघितलं. पण देवाने दाढ्या उगाच दिलेल्या नाहीत. त्याच्या मिशीखाली ओठ कुठे सुरू होतात हेच दिसत नव्हतं. यांना काही कळलं नाही. भीती होती ती त्या मुलीची. तिचे ओठ स्वच्छ, बोलणं ठसठशीत. ती "हो की, ही तर—" म्हणेपर्यंत मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि पदर झटकला.

"खाली रबर आहे," हे तेवढ्यात अभिमानाने म्हणाले. "बघा, बघा. मला न विचारता बसवलं, पण काम एक नंबर."

फीतवाला लगेच पोटावर आडवा झाला. "रबर? इथे तर नुसता सिमेंटचा—" मी त्याच्या बोटांवर पाय ठेवला. चुकून नव्हे.

बारा वाजत आले. यांनी शर्ट नीट केला, सगळ्यांना मागे सरकायला लावलं आणि खटका दाबला. दाबून धरला. नेहमीसारखा, डोळे समोरच्या भिंतीवर लावून. वर एक कावळा होता, तोही उडाला नाही. मग खटका सोडला आणि वळून विचारलं, "कसा वाटला?"

मी दाढीवाल्याकडे असं बघितलं, की त्याची दाढी जळायला हवी होती. त्याने मान डोलावली. फीतवाल्याने दुखऱ्या बोटांनी टाळ्या वाजवल्या. मुलीने तर हात जोडले. हे खूश.

यांना जेवायला वाढून मी तिघांना दुकानात बसवलं आणि सगळं सरळ सांगितलं. सांगितलं नसतं तर त्या तिघांनी आणखी घोळ घातला असता. ऐकता ऐकता मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. दाढीवाला म्हणाला, "काकू, किती सुंदर आहे हे! अख्खं गाव!"

"सुंदरबिंदर काही नाही," मी म्हणाले. "तुम्ही फोटो काढले, शांतता भरून घेतली, आता निघा. आणि त्या भोंग्याला हात लावायचा नाही. शपथ घ्या."

घेतली की. तिघांनीही घेतली. गळ्याला चिमटा काढून घेतली. लोकांच्या दुःखाला सुंदर म्हणणाऱ्यांची शपथ मी खरी मानली, यातच माझं वय दिसतं.

पुढे बरेच दिवस काही नाही. मग एका सकाळी तीच गाडी बंबखान्यापाशी. शाळेच्या गणवेशांचा ढीग माझ्यापुढे पडला होता, मान वर करायला फुरसत नव्हती. म्हटलं, आले असतील गंजाचं दर्शन घ्यायला. मधे एकदा कुठेतरी काहीतरी गुरगुरलं, मला वाटलं मालाचा ट्रक असेल. हे आरशापुढे दाढी करत होते. किल्ली खुंटीवर होती. त्या लोकांकडे दुसरी होती, कारकुनाने दिलेली. ती असते हेही मला ठाऊक नव्हतं.

बाराच्या थोडं आधी हे नेहमीसारखे निघाले. हे रस्ता ओलांडून मनोऱ्यात शिरतायत, आणि इकडून ते तिघं माझ्या दारात. हात ग्रीसने काळे, आणि तोंडावर असा भाव, की जणू माझ्यासाठी पाठीमागे काहीतरी लपवून आणलंय.

"काकू, तुमचं एक ओझं उतरवलं," दाढीवाला म्हणाला.

"कसलं ओझं?"

"पालिकेची रीतसर परवानगी घेतली. नवी तार टाकली, मोटार उघडून साफ केली. सगळं आमच्या खर्चाने. आता तुम्हाला खोटं बोलायला नको. आज भोंगा खरंच वाजणार!"

एक सांगते. क्षणभर मला बरं वाटलं. लाजून खोटं कशाला बोलू? वाटलं, वाजू दे मेला. यांना कुठे ऐकू येणार आहे. यांच्यासाठी काल तसा आज. उलट माझी जीभ तेवढी धुतली जाईल. मी "बसा, चहा टाकते" म्हणायच्या बेतात होते.

"आणि काकू, काय ताकद आहे त्याची!" मुलगी म्हणाली. "जरासाच फिरवून बघितला, तर टेबलावरचा तो ग्लास नुसता नाचायला लागला."

ग्लास.

मी उठले तेव्हा गणवेशांचा ढीग कोसळला. भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणायलाही वेळ नव्हता. गळ्यात फीत, बोटात अंगुस्तान, तशीच रस्त्यात धावले. मागून दाढीवाला ओरडतोय, "काकू, सावकाश, ऐकायला खालूनच मजा आहे!" मजा! त्याच्या मजेला आग लागो. मी जिन्यात पोचले, कठड्याला धरून पहिलं वळण चढले, आणि गुडघ्याने बैठक मारली. यांना हाक मारावी म्हणून तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. बहिऱ्या माणसाला हाक कसली मारतेस, गधडे?

तेवढ्यात तो वाजला.

आधी खालच्या सुरात रडायला लागल्यासारखा, मग चढत चढत गेला, आणि मग असा भोकाड पसरला की जिन्याचा कठडा माझ्या मुठीत झिणझिणायला लागला. भिंतीचे पोपडे पडले. मी कान दाबून घेतले. त्या आवाजात माझा नवरा जन्मभर उभा राहिला होता, हे माहीत होतं मला, पण माहीत असणं वेगळं.

आवाज मधेच तुटला. यांनी खटका सोडला होता, चटका बसल्यासारखा. भोंगा कण्हत कण्हत खाली यायला लागला, आणि पुरता थांबायच्या आत परत चढला. दुसऱ्यांदा दाबला होता. नियमात एकदाच असतं. जन्मात यांनी बाराचा भोंगा दोनदा वाजवलेला नाही.

मी दारात पोचले तेव्हा यांचा एक हात खटक्यावर होता आणि दुसरा टेबलावर, पंजा पसरून. ग्लास टेबलाच्या कडेपर्यंत सरकत आला होता. यांची पाठ माझ्याकडे. मग यांनी खटका सोडला, ग्लास उचलून नीट मध्ये ठेवला आणि खिडकीशी गेले. यांच्या खांद्यावरून मलाही खालचा रस्ता दिसला. सगळा रस्ता कानांवर हात ठेवून उभा होता. एक बाई पोराला पोटाशी धरून पळत होती. औषधवाला फळी सोडून बाहेर आला होता. सलूनवाल्याच्या हातात वस्तरा, आणि अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक रस्त्यात.

हे खूप वेळ बघत राहिले. एवढ्या वर्षांत याच खिडकीतून, याच वेळी, यांना काय दिसत आलं होतं, ते यांना एकेक करून आठवत असणार. मी बोलले असते. पण यांनी वळून माझ्या ओठांकडे बघायला तर हवं होतं. हे माझ्या शेजारून जिना उतरले. बघितलं नाही.

खाली सलूनवाल्याने काय करावं? त्या मूर्खाने सवयीने मनगट वर केलं आणि ओठ मोठे करून म्हणाला, "बारा वाजले, काका!" बारा वाजले होते खरेच. कुणाचे, ते त्याला तोंडातून गेल्यावर कळलं असावं, कारण त्याचा हात तसाच वर राहिला. औषधवाल्याने मान खाली घातली. इतकी वर्षं बिनचूक खोटं बोललेल्या गावाला त्या दिवशी एक नजर झेपली नाही.

आणि तिकडे दाढीवाला टाळ्या वाजवत होता. मुलीने माइक वर धरला होता, फीतवाला फोनवर सगळं टिपत होता. मी ठरवलं होतं, खाली उतरले की या तिघांची अशी हजेरी घ्यायची की सात पिढ्यांत कुणी भोंग्याचं नाव काढणार नाही. पण माझ्या आधी हे त्यांच्यापाशी पोचले. दाढीवाल्याचा काळा हात यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला. "चांगलं काम केलंत," म्हणाले. "मोटार नीट आहे."

दाढीवाल्याला हुंदका आला. "काका, तुमच्यासाठीच केलं," तो दाढीतून म्हणाला. यांना ते कळलं नाही, कळायची गरजही नव्हती. अशा माणसांना एक सांगते: तुम्ही खोटं दुरुस्त करायला येता, पण ते कशावर बसवलंय हे आधी बघून घेत जा. हे तेव्हा म्हणायला हवं होतं. तेव्हा नुसती धाप लागली होती.

घरी आलो. हे पायातलं काढायला बसले. मी ताट वाढलं. रोज याच वेळी यांची मान वर व्हायची. झाली नाही. मी समोर जाऊन बसले, यांना माझं तोंड दिसेल अशी, आणि सवयीने म्हणाले, "वाजला."

"कळलं," हे म्हणाले.

जेवले. नेहमीएवढंच जेवले. पाणी प्यायले, ग्लासातल्या पाण्याकडे बघत राहिले थोडा वेळ. मग म्हणाले, "रबर तू बसवलं होतंस?"

"हो."

मला वाटलं, आता चिडतील. चिडावं असं फार वाटत होतं. भांडण झालं असतं, मी चार शब्द ऐकवले असते, यांनी आठ, आणि निस्तरलं असतं. पण हे हसले जरासे. "पक्कं बसवलं होतंस हो. इतकी वर्षं हललं नाही."

दुसऱ्या दिवशी दाढी केली नाही. बारा वाजत आले तसा रस्ता आमच्या दाराकडे बघायला लागला; सलूनवाला दोनदा दारावरून गेला, मी त्याला हाकललं. हे उठले, पण बाहेर गेले नाहीत. माझ्या मशीनशी येऊन वाकले. म्हणाले, "पाय उचल." एकेक पाय वर करून यांनी चारही रबरं काढली आणि किल्लीसकट माझ्या बटणांच्या डब्यात टाकली. मग समोर स्टूल ओढून बसले आणि मशीनच्या लाकडावर पंजा पसरला.

"चालव," म्हणाले.

मी चालवलं. सुईखाली कापड नव्हतं. फरशी हादरायला लागली, कात्री टेबलावर खडखडायला लागली. यांनी डोळे मिटले होते, म्हणजे माझे ओठ बघायचे नव्हते. मी यांच्या हातावर हात ठेवला तेव्हा उघडले.

"वाजतंय का?" मी विचारलं.

"वाजतंय," हे म्हणाले. "आता विचारायला नको कुणाला."

भोंग्याची तार पालिकेने त्याच आठवड्यात पुन्हा कापली. नव्या वस्तीतली बाळं दचकली होती. त्या तिघांनी तो आवाज फोनवर सगळीकडे टाकलाय, सलूनवाला म्हणतो पुष्कळांनी ऐकलाय आणि त्यात शेवटी मी धापा टाकताना दिसते. दाढीवाल्याचा मला फोन आला होता, काका खूश आहेत ना म्हणून. मी त्याला जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. हे रोज बाराला स्टूल ओढून बसतात, पंजा ठेवतात, मी रिकामं मशीन चालवते, मग जेवतात. मशीनखालची फरशी एका जागी तडकली आहे. आणि मी रोज ताट वाढून जरा थांबते, पण हे विचारत नाहीत.